परदेशी कंपनी येते, पण आपल्या पोरांच्या हाती काय राहते?



उसाच्या जाती, खतांच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांवर या पानांतून आपण नेहमीच बोलतो. या वेळी जरा वेगळा विषय घेत आहोत. विषय वेगळा असला तरी परका नाही. आज आपल्या गावागावांतील एक ना एक घर असे आहे की, ज्यातील पोरगा चाकण, रांजणगाव किंवा तळेगावच्या एखाद्या परदेशी कंपनीत कामाला आहे. तळेघरच्या बाजूला तर हे चित्र अधिकच दिसते. तिकडे ऊस नाही. भात, नाचणी आणि हिरडा यांवर वर्षाचे गणित बसत नाही. मग पोरे डिंभे, घोडेगाव, मंचर करीत खाली उतरतात आणि नाशिक रस्त्याने चाकणला पोहोचतात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या डोंगरपट्ट्याने पाणी दिले म्हणून खाली आपला ऊस उभा आहे. तेव्हा त्या पट्ट्यातील पोरांचे पुढे काय होते, हा आपल्याही आस्थेचा प्रश्न आहे.

कंपनी पगार देते हे सर्वांना दिसते. पण पगाराबरोबर ती आणखी काही देते का? चार वर्षे काम करून पोरगा बाहेर पडला, तर त्याच्या हाती एखादा हुन्नर असतो, की रिकाम्या हाताने तो परत बांधावर येऊन उभा राहतो? हा मुद्दा आम्ही आज जरा उलगडून सांगणार आहोत.

कौशल्य म्हणजे नेमके काय?

गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवा. काहिलीतील रसाचा रंग, उकळीचा आवाज आणि उलथन्यावरून पडणारी धार पाहून तो सांगतो, "आता उतरवा." हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेले नसते. आपल्या कारखान्यातील पॅनमनही तसाच. यंत्रावर कितीही काटे बसवा, शेवटी तो काचेच्या पट्टीवर पाकाचा नमुना घेऊन दाणा डोळ्यांनी पाहतो. असे ज्ञान एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, आणि त्यासाठी दोघांना बराच काळ शेजारी उभे राहावे लागते.

आता कौशल्याचे दोन प्रकार लक्षात घ्या. पहिला प्रकार कुठेही चालणारा. वेल्डिंग, टर्निंग, विजेची जोडणी, हायड्रॉलिक पंपाची दुरुस्ती, नकाशा वाचणे ही कामे ज्याला येतात, त्याला चाकणच काय, कोल्हापूरलाही काम मिळेल. दुसरा प्रकार एकाच कंपनीपुरता. अमुक गाडीच्या दाराचे चार बोल्ट अमुक बंदुकीने चाळीस सेकंदांत आवळायचे, एवढेच ज्याला शिकवले, त्याचे शिक्षण त्या लाइनीच्या बाहेर निरुपयोगी ठरते.

मेख इथेच आहे. कंपनीला दुसऱ्या प्रकारचे शिकवायला आवडते, कारण ते शिकून माणूस पळून जात नाही. पहिल्या प्रकारचे शिकवायचे तर खर्च आपला आणि फायदा शेजारच्या कंपनीला, अशी तिला भीती वाटते. देशाच्या आणि कामगाराच्या दृष्टीने मात्र पहिलाच प्रकार मोलाचा. परदेशी कंपनीमुळे कामगाराचे भले झाले की नाही, हे ठरवताना तिने या दोहोंपैकी काय शिकवले, हे आधी पाहावे लागते.

पुण्याचा जुना अनुभव

आपल्या जिल्ह्याला हा अनुभव आजचा नाही. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी ट्रक बनवण्यासाठी पंधरा वर्षांचा करार केला. काम जमशेदपूरला सुरू झाले. १९६९ साली करार संपला, तेव्हा टेल्कोला पुन्हा परदेशी दारात जाऊन उभे राहावे लागले नाही. ट्रकवरचा परदेशी तारा गेला आणि टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. दरम्यान १९६० च्या दशकात सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पिंपरी-चिंचवडला दुसरा कारखाना उभा राहत होता. तिथे वाहने बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण, हत्यारे-साचे बनवण्याचा विभाग आणि संशोधन यांना सुरुवात झाली होती. म्हणजे आधी माणूस घडवला आणि मग माल काढला.

त्याचे फळ पुढे दिसले. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक काढणारे चार उद्योग एकापाठोपाठ आपल्या देशात आले. टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी अशी मोठमोठी नावे होती. त्यांच्यासमोर पुण्याच्या इंजिनिअर-कामगारांनी १९८६ मध्ये स्वतःच्या बळावर ४०७ उभी केली. भाजीपाला घेऊन मार्केटला जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्या गाडीची ओळख करून द्यायला नको.

आकुर्डीच्या बजाजची गोष्टही याच वळणाची. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर तिथे स्कूटर बनत होती. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. परवाना कागदाचा असतो, मुदत संपली की संपतो. हातात आणि डोक्यात उतरलेले काम मात्र कोणाला परत मागता येत नाही.

पिंपरीत जर्मनीच्या बकाऊ-वुल्फच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या कारखान्याने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवली, हे आपल्या क्षेत्रातील जुन्या मंडळींना ठाऊक असेलच. एके काळी मिलचा लहानसा भाग मोडला तरी बोटीची वाट पाहावी लागे. आज रोलर, गिअर, पॅन, बॉयलर हे सारे आपल्या मुलखात बनते आणि आपल्याच मुलखातील फिटर ते जोडतो.

मात्र हे आपोआप घडले नाही, हे ध्यानात ठेवा. त्या काळी सरकारची अट असे की, सुटे भाग हळूहळू इथेच बनवा आणि परदेशी भागीदाराचा हिस्सा मर्यादित ठेवा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे 'फेरा'ने, बहुतेक परदेशी कंपन्यांचा हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणला. त्या धोरणाने मालाची टंचाई झाली, दर्जा मागे राहिला, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागला, हे दोषही खरेच. पण शिकण्याची सक्ती होती, हेही तितकेच खरे.

शिकलेले कंपनीच्या फाटकाबाहेर कसे पडते?

उसाच्या भाषेत सांगायचे तर कौशल्य बेण्यासारखे आहे. एका चांगल्या बेणेमळ्यातून दहा शेतांना बेणे जाते आणि त्या दहांतून शंभरांना. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत चक्कर मारली तर हे प्रत्यक्ष दिसते. तिथल्या कित्येक लहान वर्कशॉपांचे मालक आधी कुठल्यातरी मोठ्या कंपनीत टर्नर, टूलमेकर किंवा सुपरवायझर होते. तिथे शिकले, बाहेर पडले, एक लेथ घेतला आणि त्याच कंपनीला सुटे भाग पुरवू लागले. मोठी कंपनीही अशा पुरवठादाराला सांगते की माप इतक्या सूक्ष्मात पाळ, दर नगाची नोंद ठेव, तरच माल घेऊ. सुरुवातीला याचा त्रास होतो, पण त्या शिस्तीनेच लहान कारखाना सुधारतो.

याचे जगातील ठळक उदाहरण बांगलादेशचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या 'देश गारमेंट' या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. सुमारे १३० कामगार सहा महिन्यांसाठी कोरियाला शिकायला गेले. शर्ट कसा कापायचा इथपासून परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार कसा करायचा इथपर्यंत सगळे शिकून आले. पुढच्या काही वर्षांत त्यांतील ११५ जण ती कंपनी सोडून गेले. कोणी स्वतःचा कारखाना काढला, तर कोणी दुसऱ्या नव्या कारखान्यात गेले. देश गारमेंटच्या दृष्टीने हे नुकसान म्हणा, पण त्या शंभर-सव्वाशे माणसांच्या बेण्यावर एका देशाचा उद्योग फोफावला. तयार कपडे निर्यात करणाऱ्या जगातील अगदी मोठ्या देशांत आज बांगलादेशची गणना होते.

पण थांबा, एवढ्यावर हुरळून जायला नको. त्याच बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार दगावले. हाताला काम शिकवले म्हणजे जिवाची आणि मजुरीची हमी मिळाली, असे होत नाही. तिच्यासाठी कायदा आणि संघटना लागतातच.

नाण्याची दुसरी बाजू

१९९१ नंतर दारे उघडली आणि आपल्या जिल्ह्याचे रूप पालटले. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये आली, आधी पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास, २००८ मध्ये, तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना उघडला. त्यांच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या किती कंपन्या आल्या, त्याची गणती करणे अवघड.

यांतील काहींनी शिकवण्याचे काम मनावर घेतले, हे मान्य केले पाहिजे. मर्सिडीजच्या सहकार्याने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात २००२ पासून मोटारींच्या मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकवणारा, पदविका अभ्यासक्रम चालू झाला. फोक्सवॅगनने जर्मन धर्तीवर साडेतीन वर्षांची शिकाऊ योजना आणली. त्या पद्धतीत वर्गातील शिक्षण आणि शॉपवरचे काम आलटून पालटून चालते. अमेरिकेच्या कमिन्सने १९६२ पासून किर्लोस्करांबरोबर पुण्यात इंजिने बनवली. पुढे १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री-शिक्षण संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्यालाही कमिन्सचा हातभार लागला. आपल्या लेकींच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे.

पण या चांगल्या जागा मूठभर. चाकणला जाणाऱ्या बहुतेक पोरांना त्या मिळत नाहीत. ती जातात ठेकेदारामार्फत. सात-आठ महिने या कंपनीत, मग ब्रेक, पुढे दुसऱ्या कंपनीत. दर वेळी नवा गणवेश आणि नवे ओळखपत्र, पण काम तेच: उचल, लाव, आवळ, पुढे सरकव. कागदोपत्री 'शिकाऊ' किंवा 'प्रशिक्षणार्थी', प्रत्यक्षात लाइनीवरचा मजूर. पाच वर्षांनी विचारावे, "काय शिकलास?" तर उत्तर येते, "लाइनीवर होतो." उसाचा रस काढून झाला की चिपाड बॉयलरला तरी जाते, पण इथे पंचविशी उलटलेले पोरगे कुठल्याच कामाला लागत नाही. म्हणून आम्हाला या विषयाची कळकळ वाटते.

कायम नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, हाही समज आता सोडावा लागेल. तळेगावच्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस देशात गाड्या विकणे थांबवले आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद केले. सुमारे चौदाशे कामगारांवर बेकारीची वेळ आली. त्यांच्या संघटनेने न्यायासाठी मोठा झगडा दिला. कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला, म्हणजे मधली वर्षे कामगारांनी कशी काढली असतील याचा विचार करा. कंपनीचा निर्णय सात समुद्रांपलीकडे होतो. तिला आपल्या गावाचे नावही ठाऊक नसते. कंपनी गेली तरी पोटाला पुरेल एवढे कसब जवळ असणे, हाच त्यावर कामगाराचा खरा विमा.

आणखी एक गोष्ट आपल्या कारखान्यालाही भोवते. चांगला वेल्डर, चांगला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक तयार व्हावा आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून तो चाकणला जावा, हे सगळीकडेच घडते. मोठी कंपनी आली की भोवतालच्या लहान उद्योगांतील जाणते हात ओढले जातात. पोराला दोष देण्यात अर्थ नाही. पण मग नवे हात तयार करण्याचा वेग वाढवावा लागतो, नाहीतर ऐन गळिताच्या दिवसांत मिल उभी राहते.

सिंगापूरने अट घातली

मग उपाय काय? सिंगापूर हा आपल्या एखाद्या तालुक्याएवढा देश. १९७० च्या सुमारास तिथे परदेशी कंपन्यांची रीघ लागली. सरकारने त्यांचे स्वागत केले, पण सोबत सांगितले की आमच्याबरोबर प्रशिक्षण केंद्र चालवा आणि तुमच्या गरजेपेक्षा जास्त मुले शिकवा. खर्चाचा वाटा सरकारने उचलला. यांतील पहिले केंद्र १९७२ मध्ये निघाले, आणि ते कोणाबरोबर? आपल्या टाटांबरोबर! त्यानंतर जर्मनीची रोलाय आणि हॉलंडची फिलिप्स आली. म्हणजे तिथे परदेशी कंपनी म्हणून शिकवायला गेलेली मंडळी भारतीयच होती. १९७९ मध्ये सिंगापूरने कौशल्य विकास निधी काढला. कमी पगारावर माणसे राबवणाऱ्या मालकाने त्या निधीत पैसे भरायचे आणि जो कामगारांना शिकवील त्याला त्यातून मदत मिळायची.

ही कल्पना आपल्याला नवी वाटायला नको. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये स्थापन झाली आणि सहकारी साखर कारखान्यांच्या वर्गणीवर वाढली. एकट्या कारखान्याला जे परवडत नव्हते, ते सर्वांनी मिळून उभे केले. शिकवण्याचा खर्च एकट्याच्या डोक्यावर टाकला तर तो टाळला जातो, सर्वांनी मिळून उचलला तर ते शिक्षण सर्वांच्या मालकीचे होते. हा सहकाराचाच धडा आहे.

आपल्या उसाशी याचा संबंध

कोणी म्हणेल, हे सारे मोटारींचे झाले, आमच्या उसाचे काय? तर ऐका. जॉन डिअर ही अमेरिकन कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सणसवाडीला आली आणि तिचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात फिरू लागले. ट्रॅक्टर आला तसा तो दुरुस्त करणारा मेकॅनिकही गावात तयार झाला. आता ऊसतोडणी यंत्राची पाळी आहे. सीएनएच या परदेशी कंपनीची तोडणी यंत्रे चाकणला बनतात, तर राजकोटकडची शक्तिमानही ती बनवते. तोडणी मजुरांची टंचाई पाहता ही यंत्रे वाढत जाणार.

या यंत्रावर बसणारा चालक कसा आहे, यावर सभासदाचे टन अवलंबून आहेत. बुडख्याचे पाते जमिनीलगत न चालवता वर धरले, तर वजनदार बुडखा शेतातच राहतो आणि पुढचा खोडवाही नीट फुटत नाही. पंख्याचा वेग चुकला तर पाचट उसाबरोबर जाते किंवा उसाच्या कांड्याच पाचटाबरोबर उडतात. कांड्या झालेला ऊस लवकर गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. अशा वेळी हायड्रॉलिकची एखादी नळी फुटली आणि मेकॅनिक पुण्याहून यायला दोन दिवस लागले, तर नुकसान कोणाचे? म्हणजे चाकणमध्ये पोरगा हायड्रॉलिक शिकून येतो की नुसते बोल्ट आवळून येतो, याचा हिशेब शेवटी आपल्या वजनकाट्यावर उतरतो.

पोराला पाठवण्यापूर्वी काय विचारावे?

पोरगा कंपनीत निघाला की आपण पगार किती आणि बस कुठून, एवढेच विचारतो. यापुढे आणखी चार प्रश्न विचारा.

१. शिकाऊ म्हणून घेत असतील तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार नोंदवला आहे का? नोंद असेल तर ठरलेले विद्यावेतन मिळते, परीक्षा होते आणि देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. मात्र मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते, हेही माहीत असू द्या.

२. काम एकाच जागी आहे, की वेगवेगळ्या विभागांत फिरवून शिकवणार आहेत?

३. शिकवणारा उस्ताद कोण? नुसता लाइनीवरचा मुकादम असेल तर शिक्षण होणे कठीण.

४. बाहेर पडताना हाती लेखी काय मिळेल? अनुभवाचा दाखला ठेकेदाराच्या नावाचा की कंपनीच्या?

बारावीनंतर थेट ठेकेदाराकडे जाण्याऐवजी पोराने एक-दोन वर्षे आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असा एखादा ट्रेड केला, तर त्याच फाटकातून तो वेगळ्या दाराने आत जातो. डोंगरपट्ट्यातील आदिवासी मुलांसाठी घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तिथे योजनांची चौकशी करावी. खालच्या गावांतील जाणत्या सभासदांनी वरच्या गावांतील ओळखीच्या घरांना एवढी वाट दाखवली, तरी ते मोठे काम होईल.

आणि शेवटी आपल्याविषयी. तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा नियम आहे. तो परदेशी कंपनीला जसा लागू, तसाच सहकारी साखर कारखान्यालाही. किंबहुना आपल्याकडे एक सोय अशी आहे की ती चाकणच्या कंपनीकडे नाही. गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगसाठी सारा कारखाना उघडला जातो. मिलचे रोलर बाहेर येतात, बेअरिंगे उतरतात, पंप सुटे होतात, टर्बाइन तपासला जातो. यंत्राच्या पोटात काय आहे, हे पाहायला याहून चांगली शाळा कुठली? त्या चार-पाच महिन्यांत जुन्या फिटरच्या शेजारी दोन-दोन पोरे उभी केली, तर त्याचा हात निवृत्तीबरोबर घरी जाणार नाही. वार्षिक सभेत आपण उसाच्या भावावर तावातावाने बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण यंदा किती पोरांना शिकाऊ म्हणून घेतले, त्यांत तळेघर पट्ट्यातील किती आणि शिकून गेलेली आज कुठे आहेत, हेही एखाद्या सभासदाने उभे राहून विचारावे. त्याचे उत्तर देणे व्यवस्थापनाला बरे वाटेल, अशी स्थिती आपण मिळून आणली पाहिजे.